टाकी भरणारा बाबा

पोरीचा बाप झालेल्या माणसानं चारचौघांत कसं वागावं, हे हनुमंताला शिकवायचं राहूनच गेलं, असं गीताबाईंना त्या दिवशी वाटलं. आईच्या पाया पडायचं म्हटलं की ह्याची कंबर धरायची. आणि आता भर उन्हात, माळावरच्या धावपट्टीच्या तापल्या डांबरावर, अनवाणी, एका बाबापुढं घडी घालून ठेवल्यासारखा बसला होता. सारं कोल्हार बघत होतं. बेलापूरहून टेम्पो भरून माणसं आली होती, तीही बघत होती.

रंगनाथबाबा विमानात बसले होते. विमान हनुमंताचं स्वतःचं. चार माणसांचं, एका पंख्याचं आणि वयानं हनुमंताहून थोरलं. पायलटच्या सीटवर बाबांची कफनी पसरली होती. शेजारच्या सीटवर त्यांचा चेला कल्याण बसला होता, हातात धूपदान. पेट्रोलच्या टाकीपासून हाताच्या अंतरावर धूप जाळणारं खुळं गीताबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

बाबांच्या समोर काट्यांच्या गोल तबकड्या होत्या. गीताबाई त्यांना घड्याळं म्हणत. पेट्रोलच्या घड्याळाचा काटा तळाला टेकला होता.

"बघा, नीट बघा," बाबा म्हणाले. "टाकी रिकामी. मागनं म्हनू नका बाबानं फसवलं." मग डोळे मिटून सुरू झाले, "ओम इंधनाय नमः, ओम काटाय नमः. भर माते, भर. पंपावर रांग लावनाऱ्यांचा अहंकार जाळ, आन् भर."

काटा थरथरला आणि सरसर चढत शेवटच्या रेघेला जाऊन टेकला. खिडकीशी मोबाईल धरून उभी असलेली पोरं ओरडली. मागच्यांना काही दिसलं नव्हतं, ती जास्त ओरडली.

"आक्का, बघितलं का?" सहादेव गीताबाईंच्या कानाशी आला. गावात कुठलाही चमत्कार झाला की तो सगळ्यात आधी सहादेवला पटायचा. "थेंब न घालता टाकी भरली."

"तुझी बुलेट आन इथं. ती बी भरून घिऊ," गीताबाई म्हणाल्या.

"चेष्टा नका करू. तुमच्याच लेकाचं विमान हाय."

तेच तर दुखणं होतं. लोकाचा लेक असता तर गीताबाईंनी पोट धरून हसून घेतलं असतं.

नाव हनुमंत ठेवलं तेव्हाच उडायचं खूळ घरात आलं, असं सगळे म्हणत. दूध संघाच्या ठेक्यात पैसा हातात खेळू लागल्यावर त्यानं विमान चालवायचं शिकून घेतलं, रीतसर परवाना काढला, आणि बंद पडलेल्या एका क्लबातलं हे विमान आणून घरच्याच माळावर, डांबराची पट्टी करून, ठेवलं. पहिल्यापासून त्याच्या तारा म्हाताऱ्या. दिवा लावला की सगळे काटे कलायचे. रेडिओतून भुंगा बोलल्यासारखा आवाज यायचा. पेट्रोलचा काटा तर मनाचा राजा.

आणि मग खंडेनवमी आली. त्या दिवशी ह्या घरात नांगरापासून जीपपर्यंत सगळ्यांची पूजा होते, सगळ्यांच्या कपाळी गंध लागतं. विमानाला कपाळ कुठलं? हनुमंतानं इकडंतिकडं पाहिलं. विमानाच्या कुशीला, बेंबीसारखं एक बारकं भोक होतं. त्यानं अष्टगंध कालवून ते बोटानं छान भरलं, वर तांदळाचे दाणे चिकटवले. त्यानंतर विमान वर नेलं तर उंचीचं घड्याळ जागचं हलेना. विमान आभाळात आणि काटा जमिनीवर.

कसंबसं उतरल्यावर हनुमंतानं शुभांगीला बोलावलं. शुभांगी बेलापूरची, विमान दुरुस्तीची परीक्षा पास झालेली इंजिनियर. तिनं आत डोकं घालून पाहिलं आणि म्हणाली, "वायरिंग सगळी जुनी झालीय. एकेक तार सोडवून तपासावी लागेल. वेळ लागेल. तोवर हे उडवायचं नाही." हनुमंताला 'नाही' ऐकायची सवय नव्हती. ती त्याला लावली नाही, हीसुद्धा गीताबाईंचीच करणी. तो म्हणाला, "दुसरा मानूस बघतो." आणि दुसरा माणूस म्हणून हा रंगनाथबाबा आला.

बाबा म्हणाले, विमानाला बाधा आहे. क्लबातला कोणी पायलट आत अडकलाय. त्यांनी दोन्ही पंखांवरच्या टाक्यांच्या झाकणांना लाल नाडा गुंडाळला, गाठीवर लाख ओतली आणि बजावलं, "हा नाडा सुटला की शक्ती गेली. झाकन उघडायचं न्हाई. पेट्रोल घालायचं न्हाई. घातलं तर देवीवर अविश्वास."

गीताबाईंनी सगळे उपाय करून पाहिले. आधी रागावल्या. मग अबोला धरला, तर हनुमंताला बरंच वाटलं. मग सून रेश्माला पुढं केलं. रेश्मा म्हणाली, "आत्याबाई, मी बोलले तर म्हनत्यात, तुला काय कळतं विमानातलं." एके काळी गीताबाईंच्या नुसत्या खाकरण्यानं चार गड्यांच्या विड्या विझायच्या. आता त्या ओसरीवर बसून बोलायच्या आणि भिंत तेवढी ऐकायची.

त्यात काटा चढवून दाखवल्यावर त्याच दिवशी बाबांनी जाहीर केलं की देवीच्या जत्रेला विमानातून पुष्पवृष्टी होणार. विमान चालवणार हनुमंत. मागच्या सीटवर बसून झेंडूची फुलं टाकणार कुमारी संस्कृती. म्हणजे हनुमंताची एकुलती लेक, चौथीत शिकणारी, गीताबाईंच्या कुशीत झोपणारी.

त्या संध्याकाळी गीताबाईंनी लेकाला ताटावर गाठलं.

"हनुमंता, पोरीला न्हेऊ नको."

"आई, काटा भरलेला दाखवतोय."

"काटा दाखवतोय. टाकी काय म्हनतीय?"

"तुला न्हाई कळायचं त्यातलं."

"मला ट्रॅक्टरचं कळतं. तू शाळेत हुता तवा डिझेलच्या टाकीत काठी घालून बघायला मीच शिकवलं. मीटर बंद पडल्यालं, पर आपला ट्रॅक्टर कधी वावरात उभा राहिला का?"

"झाकनाला नाडा हाय," हनुमंत म्हणाला आणि हात धुवायला उठला. जणू नाडा म्हणजे पोलादी कुलूपच.

सकाळी गीताबाईंनी अभिमान गिळला आणि रेश्माकडून शुभांगीला फोन लावून घेतला.

"आजी, तुमच्या मुलानं मला परत येऊ नका म्हणून सांगितलंय," शुभांगी म्हणाली.

"विमान त्याचं. माळ माझ्या नावावर हाय. माझ्या माळावर कुनी यायचं, ते मी ठरवीन."

"मी येईन. पण त्यांनी ऐकलंच नाही तर?"

गीताबाई म्हणाल्या, "तू ये तर."

जत्रेच्या सकाळी माळावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. संस्कृती नवं परकर-पोलकं घालून, मांडीवर झेंडूची पाटी घेऊन, मागच्या सीटवर बसलीसुद्धा होती. आजीला बघून तिनं हात हलवला. बाबांनी आपला खेळ करून काटा वर चढवून ठेवला होता आणि ते खाली उतरले होते; कल्याण अजून पुढच्या सीटवरच होता. टाकी भरली म्हणून घोषणा चालल्या होत्या. शुभांगी गर्दीतून वाट काढत आली, तेव्हा हनुमंत टोपी सारखी करत होता.

"तुमाला कुनी बोलावलं?"

"मी," गीताबाई म्हणाल्या.

"भांडायला आले नाही," शुभांगी म्हणाली. "उडायच्या आधी टाकी उघडून बघायची असते, हे तुम्हाला शिकताना पहिल्या दिवशी सांगितलं असेल. तेवढं बघा. मी लगेच जाते."

हनुमंतानं नाड्याकडं पाहिलं, मग बाबांकडं. बाबा हसले. "बघ बाबा, बघ. पर नाडा तोडला तर वर काय हुईल त्याला मी जबाबदार न्हाई. पोर मागं बसलीय तुजी."

हनुमंताचा हात झाकणाजवळ गेला आणि तिथंच राहिला. सहादेव पुटपुटला, "नको रे, नको." माणसं इतकी होती, पण त्या बोटभर नाड्याला हात लावायला कोणी पुढं होईना. जन्मभर गीताबाईंनीही गंडेदोरे पाहिले होते, बांधले होते, सोडायच्या मात्र कधी भानगडीत पडल्या नव्हत्या. काचेतून संस्कृती त्यांच्याकडं बघत होती.

त्यांनी पानाच्या चंचीतून अडकित्ता काढला. पंख कमरेइतक्या उंचीवर होता, चढावं लागलं नाही. कचकन नाडा तुटला. आभाळ जिथल्या तिथं राहिलं.

"घाल काठी," त्या लेकाला म्हणाल्या.

हनुमंतानं झाकण उघडून विमानातली मापाची काठी आत सोडली, तळाला टेकवली, बाहेर काढली. टोकाला नखाएवढं ओलं होतं. त्यानं पलीकडच्या पंखावरचा नाडा स्वतःच तोडला. तिथल्या टाकीत पुन्हा काठी घातली. तिथंही तेच.

"एवढ्यावर विमान वर जाईल," शुभांगी हळूच म्हणाली. "खाली येईल ते मात्र तुमच्या मर्जीनं नाही."

"नास्तिकाच्या काठीला दैवी इंधन लागत न्हाई," बाबांनी जाहीर केलं. गर्दीतनं दोनचार माना डोलल्यासुद्धा.

"मग दैवी इंधन बाटलीत काढून दावा," गीताबाई म्हणाल्या. "आमी वास घिऊ."

शुभांगी आत शिरली. कल्याणला तिनं सीटवरून उठायला सांगितलं. तो उठेना, तसा हनुमंतानंच त्याला दंडाला धरून बाहेर घेतला. त्याच्या सीटच्या बुडाशी पत्र्याचं झाकण होतं, स्क्रू काढलेलं, नुसतं टेकवलेलं. शुभांगीनं ते बाजूला केलं. आत एका सैल नटाखाली काळी पडलेली तार होती.

"ही टाक्यांची जमिनीची, म्हणजे अर्थिंगची तार," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "टाकीत किती पेट्रोल आहे ते काट्याला वीज सांगते, आणि ती वीज ह्या तारेतून परत जाते. ह्या विमानात तार सुटली की काटा चुकतो आणि थेट 'भरलं' दाखवतो. टाकीत काही असो वा नसो. गंजून ती आपोआप सुटत होती, म्हणून काटा नाचत होता. आणि ज्याला हे कळलं, त्याला पायाच्या अंगठ्यानं हवं तेव्हा चमत्कार करता येत होता. संस्कृती, पुढं ये गं. ही तार जरा ओढ."

संस्कृतीनं तार ओढली. काटा वर गेला. दाबली, काटा तळाला आला. पुन्हा ओढली. पोरीला मजा वाटायला लागली. मंत्र नाही, कफनी नाही, आणि टाकी भरतेय, रिकामी होतेय.

"कल्याणभाऊ," शुभांगीनं विचारलं, "आधी कुठं काम करत होता?"

गर्दीतनंच कोणी म्हणालं, "संगमनेरला गाड्यांची वायरिंग करायचा की. माझ्या जीपचा हॉर्न ह्येनंच बसवला."

मग शुभांगीनं विमानाच्या कुशीतलं ते भोक दाखवलं. त्यातून बाहेरची हवा उंचीच्या घड्याळाला पोचते, आणि वर जाताना हवा विरळ होते, त्यावरून काटा फिरतो. अष्टगंध सुकून त्याचा दगड झाला होता. सहादेवनं सेफ्टीपिन पुढं केली. "पिन नको," ती म्हणाली, "भोक बिघडेल. हे मी मागाहून रीतसर साफ करीन." आत अडकलेला पायलट होता तो एवढाच, चिमूटभर गंध आणि तांदळाचे दाणे.

एवढं झाल्यावर लोकांनी बाबाला धरायला हवं होतं. तसं काही झालं नाही. बाबा म्हणाले, "देवी रुसली, ह्या माळावर आता न्हाई थांबायचं," आणि कल्याणला घेऊन जीपमध्ये बसले. निम्मी गर्दी जीपमागं धावली. सहादेव जाता जाता म्हणाला, "आक्का, तार हुती ते खरंय. पर तारेत बी कायतरी असनारच की." गीताबाईंच्या मनात आलं, काठी टाकीत घालता येते. माणसाच्या डोक्यात कशी घालणार?

आणि सगळ्यांत वाईट पुढंच होतं. हनुमंत शुभांगीला म्हणत होता, "ठीक हाय, तार घट्ट करा. कॅन आनतो, पेट्रोल घालतो. लोक देवळाशी वाट बघतायत. एक चक्कर मारून येतो."

"उंचीचा काटा बंद आहे. बाकीच्या तारा तपासलेल्या नाहीत," शुभांगी म्हणाली. "मी नाही म्हणूनच सांगेन. अडवू मात्र शकत नाही."

गीताबाईही अडवू शकत नव्हत्या. लेक उंचापुरा, त्यांचे गुडघे गेलेले. त्यांनी नुसतं पाहिलं. दारात हात ठेवून हनुमंत म्हणत होता, "चल संस्कृती, बस मागं."

संस्कृती जागची हलली नाही. तारेकडं बघत म्हणाली, "पप्पा, बाकीची घड्याळं पन खोटं सांगत असतील तर?"

हनुमंताचा हात दारावरून खाली आला. तो तिथंच पंखाच्या सावलीत बसला. आईकडं बघायचं त्याच्यानं होईना. मग गीताबाईच त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"हनुमंता, तू देवाला मानलं म्हनून मी बोलत न्हाई. मी बी मानती. बाबानं फसवलं म्हनून बी बोलत न्हाई, भली भली फसत्यात. पर काठी तुज्या हाताशी हुती, झाकन हाताशी हुतं, आन् तू उघडून न बघता पोटच्या पोरीला मागं बसवलं. आजवर तुला वाटलं ही तुजी श्रद्धा हाय. ती श्रद्धा न्हवं, लेकरा. तो बघायचा आळस हाय."