कार्बनखालचा पुठ्ठा

चिऊला ऐकू येत नव्हतं, पण नजर अशी तयार, की समोरच्यांच्या ओठांवरून अख्खं भांडण वाचायची. कॉलेजात पंचाईत एवढीच, की भूगर्भशास्त्राचे सर सगळा तास फळ्याशीच बोलायचे. म्हणून अपंग विद्यार्थ्यांच्या मदत कक्षाने तिला टिपणं काढून देणारी मुलगी नेमून दिली. ती निघाली तिच्याच वर्गातली मावसबहीण, ताई. घरचंच माणूस मिळालं म्हणून आईचा जीव भांड्यात पडला.

ताई कार्बन घालून लिहायची. वरचा कागद कक्षात जमा, खालचा चिऊच्या हातात. सर शिंकले तर तेही ही बया लिहून ठेवायची. चिऊचा त्या निळ्या अक्षरांवर आंधळा विश्वास होता.

शुक्रवारी सरांनी तिला जिन्यात थांबवलं आणि, नशीब, तिच्याकडे तोंड करून बोलले. "वेधशाळेसाठी अर्ज का नाही केलास? भूकंपाचे आलेख वाचण्यात तुझा हात कुणी धरत नाही. मंगळवारी वर्गात सांगितलं होतं. काल मुदत संपली."

वेधशाळेतल्या त्या सहा महिन्यांच्या कामासाठी तर चिऊने हा विषय घेतला होता.

तिने मंगळवारचं पान काढलं. मधे चार ओळींची कोरी जागा होती. सर दम खायला थांबले असतील, असं तिला तेव्हा वाटलं होतं. ती तडक मदत कक्षात गेली आणि वरचा कागद मागून घेतला. त्यावर ताईच्या टपोऱ्या अक्षरात सगळं होतं: वेधशाळा, परगावी राहायची सोय, अर्जाची मुदत. ऐकलं की लिहायचं, ही हाताची सवय ताईला मोडता आली नव्हती. तेवढ्या ओळींपुरता तिने कार्बनखाली पुठ्ठा सरकवला होता.

संध्याकाळी ताई आईला भाजी निवडू लागत होती. चिऊने दोन्ही कागद ओट्यावर आपटले. ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझ्या मनात नव्हतं गं," ती म्हणाली. "परगावचं काही निघालं तर तुला कळू द्यायचं नाही, असं मावशीने बजावलं होतं."

चिऊ आईकडे वळली.

"एकटी कशी राहिली असतीस?" आई म्हणाली. "कुणी दार ठोठावलं तरी तुला कळणार आहे का?"

"मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर तू गेली असतीस."

आई रडायला लागली. चिऊला तिची जरासुद्धा दया आली नाही. स्वतःच्या गळ्याची थरथर आपल्या बोटांना जाणवून देत एकेक शब्द जिने बोलायला शिकवला, तिनेच आपल्याला फसवावं! ताईला ती एक वेळ माफ करू शकली असती.

सोमवारी कक्षातल्या बाईंनी नवी मदतनीस मिळण्यासाठीचा फॉर्म पुढे केला. शेवटी विचारलं होतं, 'काही खास अपेक्षा?'

चिऊने लिहिलं, 'नात्यातलं कुणी नको.'