भांडी घासेल तो आपला

“मॉम, बटाट्यांनी काय घोडं मारलंय तुझं? लगदा झाला त्यांचा,” असं म्हणत मॉर्टने माझ्या हातातून पातेलं ओढून घेतलं.

माझं लक्ष बटाट्यांत नव्हतंच. बंद दारापलीकडे, माझ्याच जेवणघरात, मुलांचं मतदान चाललं होतं आणि मला तिकडे जायची बंदी होती. ज्याच्या नावावर मतदान, त्याने बाहेर थांबायचं. दुपारपासून एकेक पोरगा स्वयंपाकघरात यायचा, शेगडीपाशी चुळबुळत उभा राहायचा आणि आत टाळ्या झाल्या की उड्या मारत परत जायचा. सगळ्यांचं झालं. राहिला होता मॉर्ट, आणि टाळ्या काही होत नव्हत्या.

आद्याक्षराने पाहिलं तर मॉर्ट ॲडलमनचं नाव पहिलं यायला हवं होतं. थेअरसाहेबांनी ते शेवटी ठेवलं. हे थेअर न्यूयॉर्कहून आलेले. तिथल्या एका जुन्या, नामांकित फ्रॅटर्निटीने, म्हणजे कॉलेजातल्या पोरांच्या बंधुमंडळाने, आमच्या मुलांच्या क्लबाला आपली शाखा करून घ्यायचं ठरवलं होतं आणि ते सोपस्कार उरकायला हे साहेब ओहायोतल्या आमच्या गावात उतरले होते.

आणि क्लब तरी कसला! लढाईवरून परतलेली, सरकारी खर्चाने कॉलेजात बसलेली दांडगी पोरं. टेकडीवरच्या खांबवाल्या घरांतल्या फ्रॅटर्निट्यांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. तेव्हा हा मॉर्ट माझ्या मागच्या दारी आला, टोपी हातात धरून. “बाई, लढाईत वाचलो ते कॉलेजच्या खानावळीत मरायला का? सामान आम्ही आणतो, तुम्ही फक्त रांधा.” मी विधवा, घर खायला उठलेलं. हो म्हणाले. महिन्याभरात बाईची मॉम झाले.

नियम त्याने एकच केला होता. जेवल्यावर भांडी घासेल तो आपला. मत नाही, मुलाखत नाही. गाव त्यांना भांडीघाशे म्हणायला लागलं आणि पोरंही ते नाव मिरवायला लागली.

पण माणसाला सुखाचंही अजीर्ण होतं. दारावर फ्रॅटर्निटीच्या नावाची ग्रीक अक्षरं हवीत, कोटाला सभासदाची पिन हवी, टेकडीवर घर हवं, असं एकेकाला वाटायला लागलं. न्यूयॉर्कशी सगळी बोलणी केली ती मॉर्टनेच. मी विचारलं होतं, “तुला कशाला रे हवीत ही सोंगं?”

“मला कशाला? टेकडीवरच्या नाक मुरडणाऱ्यांना दाखवायचंय,” तो म्हणाला होता. पण आज त्याच्या गळ्यात नवा निळा टाय होता. न सांगता कळत होतं.

न्यूयॉर्कची अट एकच. प्रत्येकाची निवड पेटीने व्हायची. पेटीला भोक, आत हात घालून पांढरी नाहीतर काळी गोटी टाकायची. एक काळी निघाली की माणूस बाद. आपल्याआपल्यात काळी कोण टाकतंय, म्हणून पोरांनी हसतहसत मान डोलावली होती.

दार किलकिलं झालं. लॉवेल आत आला. शेतकऱ्याचा पोरगा, मॉर्टच्याच पलटणीतला, कान लालबुंद झालेले. “मॉर्ट, पुन्हा घेतोय. एक काळी निघाली. कुणाचा तरी हात चुकला.”

“चुकला असेल,” मॉर्ट म्हणाला.

“आणि तुमचे साहेब काय म्हणाले?” मी विचारलं.

लॉवेल जमिनीकडे बघत राहिला. “म्हणाले, घ्या पुन्हा, हरकत नाही. फक्त, न्यूयॉर्कच्या मंडळींना अशा आडनावाची सवय नाही म्हणे.”

मॉर्ट ज्यू होता. माझ्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. डुकराचं मांस असलं की त्याच्या ताटात अंडी, एवढाच त्याचा अर्थ होता.

लॉवेल गेला. पलीकडे पेटीत गोट्यांचं पुन्हा टक्, टक् सुरू झालं. मॉर्टने टायची गाठ सारखी केली, सैल केली, परत सारखी केली. मग सगळं चिडीचूप. मला राहवेना. मी दार ढकललं.

टेबलावर पेटीचा खण उघडा होता. पांढऱ्या गोट्यांत तीन काळ्या. मघाशी एकाला धीर झाला होता; तो पाहून आणखी दोघांना झाला.

“बाई, दार लावा,” थेअर म्हणाले.

“दार माझं आहे,” मी म्हणाले. “कोण रे ते? माझ्या ताटात जेवता आणि तोंड लपवता?”

एकाने मान वर केली असेल तर शपथ. लॉवेल उभा राहिला. “ज्यांनी टाकल्या त्यांनी बोला ना आता!”

“मतदान गुप्त असतं,” थेअर शांतपणे म्हणाले.

माझ्या मागून मॉर्टचा आवाज आला. “मॉम, ओव्हनमधला मीटलोफ करपतोय. वाढायला घे.”

आणि जेवली हो पोरं! थेअरनी प्रत्येकाच्या ताटाशेजारी सोन्याची पिन ठेवली आणि बंधुभावावर भाषण केलं. मॉर्ट माझ्याबरोबर स्वयंपाकघरात उभ्याउभ्या जेवला. जेवणं झाल्यावर सवयीने सगळे आपापली ताटं घेऊन उठले, तेवढ्यात थेअर म्हणाले, “राहू द्या ती. ब्रदर भांडी घासत नाहीत. यापुढे त्याला माणूस ठेवा.”

ताटं परत टेबलावर गेली. सगळे फोटो काढायला बाहेर अंगणात गेले.

मॉर्टने ढिगाकडे पाहिलं. नवा टाय शर्टाच्या बटणांमध्ये खोचला, बाह्या सारल्या आणि नळ सोडला. थोड्या वेळाने लॉवेल आत आला. कोटाला पिन नव्हती. त्याने फडकं उचललं आणि ताटं पुसायला लागला. जुन्या नियमाने पाहिलं तर त्या संध्याकाळी क्लबात दोनच सभासद उरले होते.

शाखा मात्र भरभराटली. आता तिचं टेकडीवर खांबांचं घर आहे, शंभरावर पोरं आहेत. तिथे देखरेखीला मला बोलावलं होतं. मी गेले नाही. त्या वर्षी एकेक जण लपतछपत मागच्या दारी यायचा. “मॉम, देवाशपथ, ती काळी माझी नव्हती.” एकूण एक येऊन गेले. मी प्रत्येकाला केक दिला आणि एकावरही विश्वास ठेवला नाही.

माझ्या घराच्या भिंतीवर शाखेने पितळी पाटी लावली आहे. ‘आमची स्थापना इथे झाली,’ आणि खाली संस्थापकांची नावं. मॉर्ट नाही. लॉवेलही नाही, त्याची पिन टेबलक्लॉथच्या घडीत सापडली, ती माझ्या बटणांच्या डब्यात पडून आहे. दर वसंतात नवी पोरं बसने येतात, पाटीपाशी गाणं म्हणतात, माझा केक खातात आणि बशा तिथेच ठेवून जातात.

यंदा ती गेली आणि मॉर्ट आला. टोलेडोला त्याचं औषधांचं दुकान आहे, केस पांढरे झालेत. मी बस बस म्हणतेय तोवर त्याने त्या पोरांच्या बशा धुवून रचूनही ठेवल्या. निघताना पाटीपुढे थांबला. वरून खालपर्यंत सगळी नावं वाचली. कबुतरांनी पाटी घाण केली होती. फडकं अजून त्याच्या खांद्यावरच होतं. त्याने ते घेतलं आणि पाटी पुसली, सावकाश, कोपऱ्यांसकट.

मग फडकं माझ्या हातात देत म्हणाला, “मॉम, हे धुवायला टाक.”