बारापैकी अकरा खंड

नातीला परदेशातल्या एका खेड्यात शाळा बांधायला जायचं होतं. कॉलेजची तुकडी महिनाभर तिथे विटा वाहणार, सिमेंट कालवणार. तिकिटाचे पैसे मात्र ज्याने त्याने उभे करायचे. "हमाली आपण करायची आणि भाडंही आपणच भरायचं," असं तिची आई, म्हणजे माझी मुलगी, म्हणाली होती. पैसे भरायची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. पाचनंतर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला.

चार महिने पोरीने शिकवण्या घेतल्या, लोकांच्या गाड्या धुतल्या. तरी थोडे कमी पडले, तेव्हा मी माझी पुस्तकं विकायला काढली. सकाळपासून आम्ही दोघं कॉलेजच्या फाटकाशी टेबल मांडून बसलो होतो. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे मला संकट वाटतं. पण पुस्तकाचं नाव निघालं की जीभ आवरत नाही. एका बाईंना मी सांगितलं, याचं भाषांतर फार वाईट आहे. एका मुलाला म्हटलं, हे ग्रंथालयात फुकट मिळेल.

"आजोबा, तुम्ही विकायला बसलाय की गिऱ्हाईक हाकलायला?"

"खरं ते सांगतोय."

"पण कुणी विचारलं का?"

तीन वाजता ती डोकं दुखतं म्हणून तोंड धुवायला गेली, आणि नेमके कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर आले. ज्ञानकोशाच्या जाड खंडांवरून त्यांनी बोट फिरवलं. "सगळेच देऊन टाका. वाचायला नकोत, बाहेरच्या खोलीतली भिंत भकास दिसते."

वर चिठ्ठीवर लिहिलेल्या किमतीत त्यांनी घासाघीससुद्धा केली नाही. मी म्हणालो, "चौथा खंड नाहीये."

"चालेल."

"माहितीही जुनी आहे. यातल्या कितीतरी देशांची नावं आता बदललीत. शिवाय कसर लागलीय."

"बरं, मग राहू द्या," असं म्हणून ते निघून गेले.

नात आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती चिडली नाही. डब्याच्या झाकणात पैसे मोजले आणि टेबलावर हात पसरून त्यावर कपाळ टेकलं. "तेवढ्यात झालं असतं, आजोबा," एवढंच म्हणाली. तिच्या बोटांना साबणाने चिरा पडल्या होत्या.

मी खरं बोललो म्हणून मनाचं समाधान करून घेणार होतो. पण ते खरं नव्हतं. मला राग आला होता. ज्या पुस्तकांपायी मी पंचवीस वर्षं एकच कोट वापरला, ती कुणी भिंतीला लावणार, हे मला सोसलं नव्हतं. माझा मान राखायला मी पोरीचं तिकीट पणाला लावलं होतं.

मी दोन्ही काखांत दोन-दोन खंड घेतले.

"कुठे निघालात?"

"दातांच्या डॉक्टरकडे. उरलेले घेऊन ये."

बाहेरच्या खोलीत गाल धरून पाच-सहा जण बसले होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "कुठला दात?"

"दात नाही. पुस्तकं."

डॉक्टर हातमोजे घालूनच बाहेर आले. मी खंड काउंटरवर ठेवले आणि म्हणालो, "भिंतीला शोभतील. मघाशी मी उगीच जास्त बोललो."

"कसर लागलीय म्हणालात ना?"

"कडेलाच. लांबून दिसत नाही."

कुणीतरी गालावरचा हात न काढता हसलं. डॉक्टर म्हणाले, "निम्म्यात घेतो."

"निम्म्यात नाही पुरणार," माझ्या मागून नात म्हणाली. तिच्या हनुवटीपर्यंत खंड रचलेले होते. "मला पाचच्या आत भरायचेत." आणि किती कमी पडतात, तो आकडा तिने सरळ सांगून टाकला.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. आत कुणीतरी आ वासून पडलं होतं. "घ्या. पण लावून तुम्हीच द्या. आणि मध्ये फट नको."

ती पैसे घेऊन पळाली. मी खुर्चीवर चढून भिंतीवरच्या फळीवर तिसऱ्याला पाचवा चिकटवला. सगळे लावून होईपर्यंत पार थकलो. रिकाम्या झालेल्या एका खुर्चीत बसलो.

पाचला चार मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"आजोबा, झालं. नाव लागलं."

"बरं झालं."

"तुम्ही कुठे आहात?"

"इथेच. जरा बसलोय."

"बसा. मी येते न्यायला," ती म्हणाली. तिच्याही आवाजात जीव नव्हता.