हाताला कळणारे दोर

कारात्सूच्या बंदरावर कुरोइवाचं बोटींच्या सामानाचं दुकान आहे. तिथे मी डोळे मिटून उभी होते. एकेक दोर बोटांत धरून चोळायचा, बाजूला टाकायचा, दुसरा मागायचा, असं माझं बराच वेळ चाललं होतं.

"वहिनी, दोर घेताय की किमोनोचं कापड?" कुरोइवा शेवटी वैतागला. "अर्धं दुकान खाली काढलंत. नेहमीचे लाल, निळा, हिरवा, पिवळा घ्या आणि मोकळ्या व्हा. शिगेकीसान कायम तेच नेतात."

"तू दोर काढ. तोंड नको चालवूस."

कॉलेजच्या नौका-क्लबात तो आम्हा दोघा नवरा-बायकोंना ज्युनियर होता. त्यामुळे त्याला झापायचा माझा हक्क आहे, मग त्याचे केस कितीही पिकोत.

आमची बोट लहान, दोघांची, शर्यतीची. मागे शिगेकी, म्हणजे आमचे हे, सुकाणू आणि मोठ्या शिडाचा दोर धरतात. पुढे मी. शिडाचा आकार बदलणारे चार बारीक दोर त्यांच्या पायाशी आणलेले असतात. वारा वाढला की एक ओढायचा, एक सोडायचा. सगळे जण ते रंगावरून ओळखतात. नजर क्षणभर खाली टाकली की काम झालं.

ह्यांची ती नजरच आता खाली पोचत नव्हती. काचबिंदू. समोरचं ठीक दिसायचं, पण खालची बाजू काळी पडत चालली होती. पायरी चुकायची, चहा कपाच्या कडेवर पडायचा. मला सांगायचे, "चष्म्याचा नंबर बदललाय." डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली त्यांनी बोटीच्या हत्यारांच्या पेटीत लपवली होती, जणू त्या पेटीला मी कधी हातच लावत नाही! ती हातात आली तेव्हा मला आधी राग आला, मग रडू.

तरी मी बोलले नाही. बोलले असते तर त्याच दिवशी त्यांनी बोट विकली असती, आणि उरलेलं आयुष्य खिडकीशी बसून बंदराकडे बघत काढलं असतं. तेही दिसेल तोवर. तो खिडकीतला माणूस मला नको होता. ऑक्टोबरमध्ये जुन्या खेळाडूंची शर्यत होती. निदान तेवढी तरी त्यांना मिळावी, म्हणून मी हा उद्योग आरंभला होता.

चार दोर निवडले. एक खरखरीत, एक तुळतुळीत, एक लोकरीसारखा केसाळ आणि एक चांगला जाड. रंगांना आता अर्थ नव्हता. त्यातले तीन काळेच होते.

गरम पात्याने टोकं कापता कापता कुरोइवाने विचारलं, "ते स्वतः का नाही आले?"

"वाढदिवसाची भेट आहे."

"त्यांचा वाढदिवस फेब्रुवारीत असतो, वहिनी."

"काप तू."

त्याने कापले. मग दारापर्यंत सोडायला आला. असं तो एरवी कधी करत नाही.

हे सार्वजनिक स्नानगृहात गेल्याचं पाहून मी दुपारी दोर ओवून टाकले. रविवारी बोटीत बसल्यावर त्यांनी चारही दोरांवरून हात फिरवला.

"हा जाड घेतलास," ते म्हणाले. बारीक दोर हा त्यांचा अभिमान. जाड दोर म्हाताऱ्यांचे, असं सगळ्या बंदराला ऐकवत आलेला माणूस.

"बारीक संपले होते, स्किपर."

जमिनीवर मी त्यांना अहो म्हणते, बोटीत स्किपर, म्हणजे कप्तान. हा नियम लग्नाच्या आधीपासूनचा.

ताकाशिमा बेटापर्यंत सगळं छान झालं. त्यांचा हात खाली जायचा, क्षणभर चाचपायचा आणि बरोबर दोर धरायचा. ते समोर बघत होते आणि शीड हवं तसं ताठ होत होतं. मी पुढे बसून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. इतकी खूश मी बऱ्याच दिवसांत झाले नव्हते.

बेटाच्या आडोशातून बाहेर पडलो आणि वारा वाढला. पाणी बोटीवर येऊ लागलं. तेव्हा मला माझी चूक कळली. हातमोजे भिजले होते, दोर भिजले होते. केसाळ दोर चिकटून तुळतुळीत झाला होता, खरखरीत बुळबुळीत. जन्म समुद्रात गेला, आणि मी दोर निवडले ते कोरड्या दुकानात, कोरड्या, उघड्या हातांनी!

"हातमोजा काढा!" मी ओरडले. त्यांनी दातांनी हातमोजा ओढून काढला, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. सोडायचा होता एक, सुटला दुसरा. बोट एका अंगावर गेली आणि आम्ही दोघं पाण्यात.

उलट्या बोटीला धरून आम्ही समोरासमोर तरंगत होतो. त्यांनी तोंडातलं खारं पाणी थुंकलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"जानेवारीपासून. पेटी आवरताना बाटली सापडली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात? मी काय शेजारीण आहे?"

लाटेबरोबर आम्ही वर-खाली होत होतो.

"बोललो असतो तर खरं झालं असतं," ते म्हणाले. "फुमिए, मी आत्ता तुला बुडवलं असतं."

"बुडायला मी काय लोखंडाची आहे? चला, बोट सरळ करू."

बोट सरळ केली. मी माझ्या जागी, पुढे चढायला गेले, तर तिथे ते आधीच बसले होते. पुढच्या शिडाचा दोर त्यांच्या हातात होता. तिथे एवढा एकच दोर, चुकायला दुसरा नाहीच.

"मागे बस."

"मला सुकाणू जमत नाही."

"खोटं बोलतेस. लग्न झाल्यापासून मला शिकवत आलीस, कसं धरायचं ते."

मी मागे बसले. सुकाणू हातात घेताना मला हुंदका आला, आणि तो मी आवरला नाही. त्यांची पाठ माझ्याकडे होती. इतकी वर्षं माझी पाठ त्यांनी पाहिली होती. त्यांची पाठ अशी अरुंद झालीये हे मला त्या दिवशी दिसलं.

"आता काय दिसतंय, सांग," ते म्हणाले.

मी सांगत गेले. उजवीकडे पाणी काळं होतंय, झोत येतोय. पुढे कोळ्यांची होडी आहे. आता वळायचं. ते बरोबर तेव्हाच दोर ओढत होते, एकदाही चुकले नाहीत.

बंदराच्या धक्क्यावर माणसं जमली होती. बोट उलटलेली कुणीतरी पाहिली असणार. कुरोइवा दोन्ही हात हलवून ओरडत होता, "शिगेकीसान! ठीक आहात ना?"

शिगेकींनी आवाज ऐकला, मान उंच केली आणि हसून हात हलवला. धक्का डावीकडे होता. त्यांनी हात हलवला तो रिकाम्या समुद्राकडे. वाऱ्यात आवाजाची दिशा कळली नव्हती, आणि कडेचंही आता दिसत नव्हतं.

मी सुकाणू हळूच फिरवलं. बोटीचं तोंड वळलं तसा त्यांचा हात माणसांच्या समोर आला. शिडांतला वारा गेला, दोन्ही शिडं फडफडू लागली, बोट जागच्या जागी थांबली. सुकाणूची एवढी चूक त्यांनी कुणालाही कधी माफ केली नव्हती.

फडफड ऐकूनही ते तसाच हात हलवत राहिले.