ससा काय म्हणाला?

भाचीनं पाठवलेलं खोकं उघडलं तेव्हा मला वाटलं, खेळण्यांच्या दुकानाचं सामान चुकून आपल्याकडे आलं. शांपूवर ससा, कंडिशनरवर ससा, अंगाच्या साबणावर ससा, पायांच्या भेगांना लावायच्या क्रीमवरही उड्या मारणारा ससा. मी फोन लावला.

"मावशी, सगळं क्रुएल्टी-फ्री आहे," ती म्हणाली. "म्हणजे यातलं काहीही प्राण्यांवर तपासलेलं नाही."

"मग कुणावर तपासलंय?"

"माणसांवर. त्यांनी हो म्हटल्यावर."

"मी कधी हो म्हटलं?"

"तू म्हणशीलच गं. आणि आजीला यातलं काहीतरी नक्की चालेल, बघ." फोन ठेवला. आमच्या घराण्यातल्या बायका दुसऱ्याचं उत्तर आपणच देऊन मोकळ्या होतात. भाची आजीवर गेली आहे.

खोकं खरं तर आईसाठीच होतं. न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासून आई डोक्याला हात लावू देत नव्हती. अंग ओल्या टॉवेलानं पुसून घ्यायची, तेही मेहेरबानी केल्यासारखं. पण डोक्यावर पाणी म्हटलं की किंचाळायची. त्यात गेल्या वर्षापासून तिचं विसरणं वाढलेलं. मी तिची थोरली, तिच्याच घरात तिच्याबरोबर राहणारी, पण दिवसातून अर्धा वेळ मी तिच्या लेखी कामाला आलेली बाई असते. कमरेपर्यंत येणारे तिचे पांढरे केस एका अंबाड्यात बांधलेले, आणि त्या अंबाड्याच्या आत गाठींचा नुसता गोळा झालेला. पडून झालेल्या जखमेच्या ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सबाईंनी बघितलं आणि सरळ सांगितलं, "खाली कातडी लाल झालीये. केस काढून टाका." धाकटीनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, फोनवर निकालच लावला. "रविवारी दुपारी येते मशीन घेऊन. केस काय, परत येतील."

या वयात काय परत येतं? आणि केस कुणाचे, तर आईचे!

आईनं जन्मभर लोकांचे केस सांभाळले. घराची पुढची खोली म्हणजे तिचं पार्लर. दोन फिरत्या खुर्च्या, एक लांबलचक आरसा, कोपऱ्यात डोकं धुवायचं बेसिन, आणि सुरू केला की घरभर बोलणं बंद पाडणारा एक ड्रायर. त्या आरशाखालच्या बाकावर बसून आम्ही दोघी बहिणींनी पाढे पाठ केले. जमिनीवर पडलेले केस झाडायचं काम आमचं. काळे, भुरे, मेंदीनं लाल झालेले, सगळ्या गल्लीचे केस एकाच सुपलीत. आजही कुठे ओल्या केसांवर गरम हवेचा वास आला की माझ्या तोंडात सात सक्कं बेचाळीस येतं.

पार्लरला पाटी नव्हती, पण कायदे होते. पहिला कायदा: गिऱ्हाईकाची मान हलल्याशिवाय कात्री हलणार नाही. कुणाची सासू सोबत येऊन म्हणायची, "कापा हिचे खांद्यापर्यंत." आई आरशात त्या सुनेकडे बघत राहायची. मान हलली तर कापायची, नाही तर चहा पाजून दोघींना परत पाठवायची. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, म्हणायची, केस जायला नकोत.

दुसरा कायदा नव्या बाटलीचा. कुठलीही नवी बाटली आली की आई ती गिऱ्हाईकाच्या समोर फोडायची, बाही वर करायची आणि थेंबभर स्वतःच्या हाताच्या आतल्या अंगाला लावायची. मग रेडिओवरचं गाणं संपेपर्यंत थांबायचं. हात लाल झाला नाही, तर गिऱ्हाईकाच्या कानामागे थेंबभर, आणि पुन्हा एक गाणं. "झोंबलं तर सांगायचं, लाजायचं नाही," हे वाक्य तर ती झोपेतही म्हणत असेल. तिच्या डाव्या हातावर अजून एक फिकट डाग आहे. कुठल्याशा केसांच्या रंगानं तिथलं कातडं सोललं होतं. तो रंग त्या दिवशी एकाही डोक्याला लागला नाही, हे आई पदकासारखं सांगायची.

एकदा एक विक्रेता आला होता. टाय लावलेला, गोड बोलणारा. त्यानं नवा शांपू काढला. आई म्हणाली, "बाही वर करा. आधी तुमच्या हाताला लावू." तो हसला. "बाई, त्याची गरजच नाही. प्रयोगशाळेत सशांच्या डोळ्यांत घालून बघितलंय."

आईनं विचारलं, "ससा काय म्हणाला?"

"सशाला काय बोलता येतं का?"

"तेच म्हणते मी. त्याला झोंबलं हे तुम्हाला कुणी सांगितलं? आणि झोंबलं म्हणून थांबलं कोण?"

विक्रेता बॅग उचलून चालता झाला. पण ते वाक्य आमच्या घरात राहिलं. धाकटीसाठी स्थळ आलं आणि मध्यस्थ म्हणाला, मुलगा हिऱ्यासारखा आहे, सगळ्यांनी पारखलाय, तेव्हा आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "ससा काय म्हणाला?" आणि आईनं पदर तोंडात कोंबला.

तर ते सशांचं खोकं. आठवडाभर मी एकेक वस्तू घरी वापरून पाहिली. आईला लावायची तर आधी आपण लावायची, एवढं तर अंगात मुरलेलंच होतं. चौकोनी वडी साबण समजून अंगाला फासली, तर तोही शांपूच निघाला, वडीचा. पाठ इतकी मऊ झाली की कुणाला दाखवावी कळेना. कंडिशनरनं चेहरा धुतला. खोक्यातल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, सुगंधी मीठ टबात टाका. आमच्याकडे टब कुठला, मी बादलीत टाकून पाय बुडवून बसले आणि फोन वाजला म्हणून तशीच उठले. बैठकीच्या खोलीत माझी ओली पावलं वाळून पांढरी उमटली. पण खरं सांगते, वस्तू चांगल्या होत्या. कशानंही अंग खाजलं नाही, डोळे झोंबले नाहीत. शांपूला वास जवळजवळ नव्हताच, आणि आईला उग्र वासाचा पहिल्यापासून तिटकारा.

न्हाणीघराचं दार लावून मी सगळं तपासायचे आणि मग बाटली घेऊन आईकडे जायचे. "आई, चल, छान शांपू आलाय." रोज तेच. मी मागून तांब्या उचलला की ती माझा हात झिडकारायची. "कोण तू? काय ओततेस माझ्यावर?" पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, इथे घडा पाणी घालूच देत नव्हता. एकदा तांब्या माझ्याच पायावर पडला. शनिवारी मी रागानं म्हणाले, "नको तर नको! उद्या येतेच आहे मशीन!" ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला माझ्या जिभेची लाज वाटली.

रविवारी सकाळी मी हार मानली होती. आई आता पुढच्याच खोलीत झोपते. खुर्च्यांपैकी एक विकली, एक आहे. बेसिनमध्ये जुनी वर्तमानपत्रं ठेवतो, पण नळ चालू आहे. मी तिच्या समोर स्टुलावर बसले, दुपारची वाट बघत. हाताला चाळा म्हणून शांपूची बाटली उघडली, बाही वर केली आणि थेंबभर हाताच्या आतल्या अंगाला चोळला. काही तपासायचं नव्हतं. सवय.

आईनं मान वर केली. "लावून किती वेळ झाला?"

"आत्ताच लावला."

"मग थांबा. घाई कशाला?" आणि तिनं स्वतःची बाही वर केली. "इकडे द्या बघू."

मी बाटली दिली. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! आठवडाभर मी दार लावून तपासत होते. बाटली गिऱ्हाईकासमोर फोडायची असते, हे आमच्या घरात लहानपणापासून ठाऊक असलेलं मीच विसरले होते.

आईनं फिकट डागाच्या बाजूला थेंब लावला. रेडिओ बंद होता, म्हणून तीच गुणगुणायला लागली. चाल धड नव्हती, पण गाणं शेवटपर्यंत गेलं. मग तिनं हात उजेडात धरून पाहिला. "चांगलाय. बसा. नुसते धुवायचेत, की कापायचेत?"

मला 'बसा' म्हणाली. पोटच्या पोरीला. मी वर्तमानपत्रं उचलली आणि खुर्चीत बसले.

"फक्त धुवायचेत," मी म्हणाले.

तिनं माझ्या कानामागे थेंब लावला, पुन्हा गुणगुणली. कोपरानं पाण्याची ऊब बघितली. आणि मग तिची बोटं माझ्या केसांत शिरली. बाकी सगळं विसरली होती, बोटं काही विसरली नव्हती. कानामागून वर, मग टाळूवर गोल गोल, कपाळाशी पाणी अडवायला आडवा तळहात. सोमवारच्या शाळेच्या आदल्या संध्याकाळी ती आम्हाला असंच न्हाऊ घालायची. आधी थोरली, मग धाकटी. धाकटी रडायची, मी मुद्दाम वेळ काढायचे. ते हात परत डोक्यावर यावेत अशी माझी किती दिवसांची भूक होती, हे मला त्या क्षणी कळलं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आईचे हात थांबले. तिनं ताबडतोब स्वच्छ पाणी सोडलं, फेस धुऊन काढला आणि बाटली उचलून केराच्या डब्याकडे निघाली.

"बाद. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत पाणी आलं. विकणाऱ्याला परत द्या."

"अहो, नका टाकू!" मी ओलीचिंब उठले. आठवडाभरात पहिल्यांदा काही जमत होतं आणि मीच ते नासवलं होतं. "शांपूनं नाही आलं पाणी."

"मग कशानं?"

"आईची आठवण आली."

आई परत आली. तिनं माझ्या डोक्याला टॉवेल गुंडाळला. रडणाऱ्या गिऱ्हाईकाशी ती नेहमीच एकेरीत बोलायची.

"कुठे असते गं तुझी आई?"

"जवळच."

"मग रडतेस कशाला? जा की भेटायला."

"भेटते. पण पडल्यापासून ती डोकं धुऊ देत नाही. केसांच्या गाठी झाल्यात. बहीण आज मशीन फिरवणार आहे."

"मशीन?" आईच्या भुवया चढल्या. हा चेहरा मी सासवांच्या समोर पाहिलेला. "आईला विचारलं का? मान हलवली तिनं?"

"नाही."

"मग कसलं मशीन! पाणी कुठून घालतेस तू?"

"मागून."

"झालं! अगं, पडलेलं माणूस मागून पाणी आलं की घाबरतंच. पुढे वाकवावं. तिचे हात बेसिनच्या काठावर ठेवावे, म्हणजे धरायला काहीतरी असतं. आणि बोलत राहावं. कळलं?"

"नाही कळलं," मी म्हणाले. कळलं म्हणाले असते तर सगळं तिथंच संपलं असतं.

आईनं सुस्कारा टाकला. शिकायला आलेल्या मठ्ठ मुलींसमोर टाकायची तसाच. मग ती खुर्ची सरकवून बेसिनसमोर बसली, पुढे वाकली आणि दोन्ही हात काठावर ठेवले.

"हे बघ. मी तुझी आई. आता घाल पाणी."

मी अंबाडा सोडला. कोपरानं पाणी बघितलं. पहिला तांब्या ओतताना माझाच जीव मुठीत होता. तिची बोटं काठावर घट्ट झाली, मग सैल पडली. मी बोलत राहिले, हवा, भाजी, शेजारीण, जे सुचेल ते. शांपू झाल्यावर कंडिशनर ओंजळभर घेतलं आणि गाठींना लागले. "टोकाकडून," आई बेसिनमधून म्हणाली. "मुळाशी ओढलंस तर तुझी आई उठून जाईल." एकेक बट सुटत गेली. पाठ दुखायला लागली, तिचीही दुखत असणार, पण ती उठली नाही. मानेजवळची एक गाठ मात्र काही केल्या सुटेना.

"एवढी एक कापू का?" मी विचारलं.

आईची मान हलली. मी तेवढीच गाठ कापली.

केस पुसून मी वेणी घातली. पातळ झालेली, पण कमरेपर्यंत पोचणारी. आईनं आरशात बघितलं, वेणी पुढे घेतली, टोक तपासलं. मग बाटली हातात घेऊन चित्राकडे बोट दाखवलं.

"ससा कशाला?"

"त्याच्यावर तपासलं नाही, म्हणून."

"बरं झालं. त्याला कोण विचारणार होतं?" तिनं बाटली आरशासमोर, पूर्वी बाटल्या मांडायची त्याच जागी ठेवली.

दाराची घंटा वाजली. धाकटी आली होती. मी उठले, तशी आईनं माझा हात धरला.

"अशीच धू. तुझी आई नाही म्हणायची नाही."

"आणि म्हणाली तर?"

"तर माझ्याकडे घेऊन ये," आई म्हणाली.