गव्याच्या मानेवरचा हात

स्टेफाने चष्मा काढला, स्कार्फच्या टोकाने पुसला आणि पुन्हा फोटोवर वाकली. माणूस तिचा नवरा ब्रॉनेकच होता. कान तेच, टोपी मागे सरकवायची खोड तीच. स्टेशनच्या मोठ्या दालनात जो प्लॅस्टरचा गवा उभा असायचा, त्याच्या मानेवर ऐटीत हात टाकून उभा होता. आणि दुसऱ्या दंडाला बिलगून पिसाच्या टोपीतली एक बाई. ती बाई स्टेफा नव्हती.

"हा कुठून उपटला?" तिने विचारलं.

"वर्तमानपत्राच्या एका फोटोग्राफरच्या माळ्यावरून. निगेटिव्हचे दोन डबे निघाले," झेनॉन म्हणाला. "वर तारीख आहे, नोव्हेंबर अठ्ठावन्न."

झेनॉनची उमेदीची वर्षं बफलोच्या या स्टेशनात टपालाच्या थैल्या उचलण्यात गेली होती. गाड्या बंद पडून एकोणतीस वर्षं झाली होती. आता तो आणि वस्तीतली दहाबारा म्हातारी मंडळी ती ओसाड इमारत झाडूनपुसून उभी करत होती. रविवारी प्रदर्शन होतं, स्टेशनची पन्नास वर्षं फोटोंमधून. पहिली गाडी, युद्धावर निघालेली पोरं, ईस्टरची गर्दी, असे चाळीस फोटो भिंतीवर चढले होते. एकेचाळिसाव्यासाठी त्याने स्टेफाला बोलावलं होतं.

"हा ब्रॉनेक आहे, एवढं सांगायला मला दोन बस बदलून आणलंस? तू ओळखत नव्हतास त्याला?"

"ओळखलं की. पण लावायचा का नाही, ते तुम्हाला विचारल्याशिवाय..."

"का? न लावण्यासारखं काय आहे त्यात?"

झेनॉन कॉफीत चमचा ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

स्टेफाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्या वर्षी ब्रॉनेक महिन्यातला एक शनिवार क्लीव्हलंडला जायचा, भावाच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला. कसलं मेलं छप्पर ते, वर्षभर गळत होतं! आणि ही खुळी पहाटे उठून त्याला पाव आणि सॉसेज बांधून द्यायची.

तरी बाई एक वेळ कोणीही असेल. भावाची मेहुणी असेल, गाडीत ओळख झालेली असेल. स्टेफाची नजर अडकली होती ती गव्याच्या मानेवरच्या हातावर. त्या हातात लग्नाची अंगठी होती आणि तो हात डावा होता.

पोलिश माणूस लग्नाची अंगठी उजव्या हातात घालतो. जोडीदाराला मूठमाती दिली की ती डाव्या हातात येते, मग कोणाला काही सांगावं लागत नाही. ब्रॉनेकला पुरून आल्यावर स्टेफाने साबण लावून स्वतःची अंगठी काढली होती, गेली पाच वर्षं ती तिच्या डाव्या बोटात होती. पण अठ्ठावन्न साली ती बत्तीस वर्षांची होती, ठणठणीत होती, पोटात टेरेसा होती. आणि हा बाबा तिला मारून मोकळा झाला होता! नुसती बाई असती तर ती भांडली असती, भांडी आपटली असती. मेलेल्या बायकोने भांडायचं तरी कसं?

रविवारी टेरेसा रॉचेस्टरहून येणार होती. बापाच्या कबरीवर दर महिन्याला फुलं वाहणारी पोरगी. तिला अंगठीचं कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"फोटो उलटा छापलायस तू," स्टेफा म्हणाली.

"काय?"

"उलटा. डाव्याचं उजवं झालंय. अंगठी बघ की."

"मी प्रत्येक निगेटिव्ह दोनदा तपासतो, स्टेफाबाई."

"मग तिसऱ्यांदा तपास. ब्रॉनेकच्या त्या हातात अंगठी तू कधी पाहिलीस? बोल ना. पाहिलीस?"

झेनॉनने कप बाजूला सरकवला. त्या दिवसांत तो इथेच फलाटावर असायचा, शनिवारीसुद्धा. स्टेफा त्याच्याकडे रोखून बघत राहिली. मेल्याला ठाऊक होतं! पन्नास वर्षं चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसला, तिच्या हातचा खसखशीचा केक मागून मागून खाल्ला, पण तोंडातून ब्र काढला नाही.

"होते चूक कधी कधी," शेवटी तो म्हणाला आणि संगणकाकडे वळला.

छपाईयंत्र बराच वेळ घरघरलं. नवा फोटो त्याने टेबलावर ठेवला. गव्याने तोंड फिरवलं होतं, बाई पलीकडे गेली होती, अंगठी उजव्या हातात आली होती. स्टेफा पुन्हा जिवंत झाली होती.

कोट मात्र बिघडला होता. तो राखाडी कोट तिनेच शिवला होता. तीस वर्षं तिने कोटांच्या कारखान्यात काजं केली होती. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते, हे ती झोपेतही विसरली नसती. आता ब्रॉनेकच्या कोटाची उजवी बाजू वर होती, बायकांच्या कोटासारखी. म्हणजे पहिलाच फोटो सुलटा होता. स्टेफाने बटणांवरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला.

"असाच लाव," ती म्हणाली.

मोठ्या दालनात हीटर नव्हता. बाहेर पडण्याआधी झेनॉनने कोट चढवला, बटणं लावायला घेतली आणि दुसऱ्या बटणाशी त्याचा हात थांबला. त्याने स्वतःच्या छातीकडे पाहिलं, मग फोटोकडे. मग उरलेली बटणं सावकाश लावली.

"खाली काय लिहू?"

"पूर्ण नाव लिही. ब्रॉनिस्वाव, भावाकडे निघताना. शेजारी भावाची मेहुणी."

"मेहुणीचं नाव?"

"तिला नाव नको."

त्याने तेवढंच लिहिलं. दोघं दालनात गेली. तो शिडीवर चढला, खिळा भिंतीला टेकवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्या नाताळनंतर ती पुन्हा कधी दिसली नाही, स्टेफाबाई."

स्टेफाने फोटो त्याच्या हातात दिला.

"कोण?" तिने विचारलं.

झेनॉनने खाली पाहिलं.

"कोणी नाही," तो म्हणाला आणि हातोडी उचलली.