नाकाडी आणि मुकी

पस्तीस वर्षं ट्रक चालवल्यावर माणसाला ट्रकचा वीट यायला हवा, असं उस्तादांच्या बायकोचं म्हणणं होतं. उस्तादांनी मात्र निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात भंगाराच्या आवारातून एक ट्रक ओढून आणला. केबिनच्या फुटक्या तळातून झुडूप उगवलेलं, हौद्याच्या फळ्या कुजलेल्या, पुढचे दिवे कुणीतरी कधीच काढून नेलेले. पण बॉनेट शाबूत होतं. चांगलं लांबलचक, नाकासारखं पुढे आलेलं. त्यावरूनच गाडीचं नाव नाकाडी पडलं.

सोबतीला दोघं होते. एक फिटर. उस्ताद ज्या कंपनीत चालक होते, तिथल्याच वर्कशॉपमध्ये त्याची हयात गेलेली. दुसरे मास्तर. त्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता; पाना कुठल्या बाजूने धरायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण कुठल्या सालच्या ट्रकला कुठलं मडगार्ड होतं हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. टायरच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिघं पाच वर्षं नाकाडीशी झटले. मास्तरांनी गावोगावी पत्रं पाठवून सुटे भाग मिळवले, जे मिळाले नाहीत ते फिटरने लेथवर घडवले, आणि उस्तादांनी दोघांच्याही नाकी नऊ आणले.

गाडी उभी राहत गेली तसे जुन्या ट्रकांचे आणखी वेडे रविवारी तिथे जमू लागले. बोलणं फिरून फिरून एकाच विषयावर यायचं: विजेचे ट्रक. कंपनीने असे वीस ट्रक घेतले होते, आणि त्यांतला एक खुद्द उस्तादांची भाचीच चालवायची. तिच्या गाडीला शेडवाल्यांनी मुकी म्हणायला सुरुवात केली होती.

"तो काय ट्रक आहे?" उस्ताद म्हणायचे. "चाकं लावलेला फ्रिज आहे. गाडीला आवाज नको? पस्तीस वर्षांत गिअर टाकताना मी एकदा वेगाच्या काट्याकडे बघितलं नाही. इंजिनच सांगायचं, हं, आता टाक."

हे ते इतक्या मोठ्याने सांगायचे की पलीकडचा टायरवालाही मान डोलवायचा.

"मामा, तुझ्या नाकाडीच्या धुरात माझा फ्रिज दिसत नाही, म्हणून जळतोस," भाची म्हणायची. शाळेच्या सुट्ट्या तिने मामाच्या केबिनमध्ये काढल्या होत्या. स्टेअरिंग पहिल्यांदा धरलं तेही त्याच्याच हाताखाली. तेव्हा तिला एवढं बोलायचा हक्क होता.

मग कंपनीने घाटापलीकडे नवं चार्जिंग स्टेशन बांधलं आणि उद्घाटनाला शेडवाल्यांना बोलावणं धाडलं. पुढे नाकाडी, मागून विजेचे ट्रक, अशी रांग घाट ओलांडून जाणार. शेडमध्ये दोन तट पडले. निम्मे म्हणाले, आपण काय वरातीतले घोडे आहोत? मास्तर म्हणाले, लोकांना दोन्ही एकत्र कधी बघायला मिळणार? उस्तादांनी फक्त एवढंच विचारलं की पुढे नक्की नाकाडीच ना, आणि होकार देऊन टाकला.

महिनाभर आधी, एका रविवारी सकाळी, घाटात चाचणी घ्यायची ठरली. नाकाडीवर उस्ताद, शेजारी फिटर. मागून मुकीवर भाची, आणि तिच्या शेजारी मास्तर.

चढ नाकाडीने झकास काढला. उस्तादांची छाती फुगली होती. माथ्यावरच्या सपाटीत मात्र चौथा पडला होता; उताराला इंजिनानेच गाडी आवरावी म्हणून त्याआधी खाली तिसरा गिअर टाकायला हवा होता. अशा जुन्या गिअरबॉक्समध्ये नुसता दांडा ढकलून भागत नाही. क्लच दाबायचा, न्यूट्रलला आणायचं, इंजिनाचा वेग नेमका तेवढा वाढवायचा, पुन्हा क्लच, आणि मग टाकायचा. तो 'नेमका तेवढा' कानाने ठरतो. उस्तादांनी न्यूट्रल केलं, रेस दिली आणि कान लावला. त्यांना नुसती घरघर ऐकू आली, कापूस कोंबलेल्या मडक्यातून यावी तशी. त्यांनी अंदाजाने दांडा ढकलला. दांते करकरले आणि गिअर बाहेर फेकला गेला. पुन्हा ढकलला, पुन्हा तेच. एव्हाना उतार सुरू झाला होता.

"ब्रेक मार," फिटर म्हणाला.

उस्तादांनी ब्रेक आधीच दाबला होता. पाय तळापर्यंत जात होता आणि जळका वास येत होता. फिटरने हातब्रेक दोन्ही हातांनी ओढला, तोही पुरेना. पुढच्या वळणाअलीकडे, डोंगराच्या बाजूला, रस्त्याच्या कामासाठी खडीचा ढीग टाकलेला होता. उस्तादांनी नाकाडीचं नाक सरळ त्यात घातलं.

रेडिएटर चेपला, एक दिवा फुटला. दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. भाची धावत आली, तिच्यामागून मास्तर.

"मामा, किती हॉर्न मारले मी," ती धापा टाकत म्हणाली. "निम्म्या चढापासून मारतेय. मागच्या चाकातून धूर येत होता. ब्रेक चिकटून बसला होता. थांबला का नाहीस?"

"कुठले हॉर्न?" उस्ताद म्हणाले.

फिटरने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "मी ऐकले. मला वाटलं पोरगी मजेत वाजवतेय. तुला एकही ऐकू आला नाही?"

उस्ताद काचांचे तुकडे गोळा करायला वाकले. फिटरने दंडाला धरून त्यांना उभं केलं आणि तोंडासमोर तोंड आणून विचारलं, "कधीपासून?"

"झाली वर्षं," उस्ताद म्हणाले. "निवृत्तीच्या आधी तीन-चार."

"आणि कंपनीत कानाची तपासणी व्हायची ती?"

"नर्स बटण दाबायची तेव्हा तिचा खांदा हलायचा. समोरच्या काचेत दिसायचं. खांदा हलला की मी बोट वर करायचो."

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "तुझ्या शेजारी बसून याच घाटातून किती वेळा गेलोय मी," फिटर म्हणाला, आणि मुकीत जाऊन बसला.

त्यानंतर उस्ताद चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. बायकोला सांगायचा धीर होत नव्हता. सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने मान वर न करताच ऐकून घेतलं.

"मला माहीत आहे," मग ती त्यांच्याकडे बघून म्हणाली. "मीठ संपलंय म्हटलं की तुम्ही 'हो, येतो' म्हणता. माणूस आपणहून सांगेल म्हणून वाट बघत होते."

पाचव्या दिवशी भाची आली आणि चपला घाल म्हणाली. तिने मामाला कंपनीच्या डेपोत नेलं. तिथल्या साहेबांना आधी विचारून ठेवलं होतं. मागच्या रिकाम्या आवारात मुकी उभी होती. तिने त्यांना स्टेअरिंगवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. उस्ताद नाक मुरडतच बसले होते. पायाखाली क्लच शोधला, तो नव्हता. पायडल जरासं दाबलं आणि एवढं मोठं धूड तूप ओघळावं तसं पुढे सरकलं. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी एकदम गाडी थांबवली.

"तू आत्ता काय म्हणालीस?"

"डावा आरसा बघ म्हटलं."

"ओरडून म्हणालीस?"

"नाही. नेहमीसारखंच."

उस्ताद तिच्याकडे वळले. "लहानपणी तू माझ्या शेजारी बसून तासन् तास बडबडायचीस," ते म्हणाले. "मी मान हलवायचो. इंजिनापुढे एक शब्द कळायचा नाही."

"ठाऊक होतं मला. म्हणून तर सगळं तुलाच सांगायचे."

ते हसले. चार दिवसांत पहिल्यांदाच. मग त्यांनी विचारलं, "हल्ली कुणाला सांगतेस?"

ती म्हणाली, "साहेब सांगत होते, पुढच्या वर्षापासून हे ट्रक आवारातल्या आवारात आपले आपण फिरणार आहेत. चालक नको. आज आवारात, उद्या रस्त्यावर. माझी अजून पंचवीस वर्षं जायचीत, मामा."

उस्तादांनी तिचा हात हातात घेतला आणि ते म्हणाले, "नाकाडी चालवायला शिक."

"हा उपाय झाला?"

"नाही. पण आम्हाला चालक हवाय."

तिथून ते सरळ शेडमध्ये गेले. फिटर चेपलेला रेडिएटर उघडून बसला होता.

"चुकलं माझं," उस्ताद म्हणाले.

"काय?" फिटरने वर न बघता विचारलं. "ऐकू नाही आलं."

उस्तादांना तीनदा म्हणावं लागलं. तेव्हा फिटरने हातातला पाना खाली ठेवला, आणि दोन अटी घातल्या: कान खरोखर तपासून घ्यायचे, आणि रस्त्यावर स्टेअरिंगला हात लावायचा नाही. उस्तादांनी दोन्ही मान्य केल्या.

कानाला यंत्र आलं. ते लावून पहिल्यांदा शेडमध्ये नाकाडी सुरू झाली तेव्हा उस्ताद दचकून मागे सरले. "ही एवढा आवाज करते? आणि ते टकटक काय वाजतंय?"

"पाच वर्षं तेच सांगतोय," फिटर म्हणाला.

रोज सकाळी भाची कामावर जाण्याआधी मागच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवणी चालायची. पहिले दोन दिवस तिने गिअरच्या दांत्यांचा जो आक्रोश घडवला, तो ऐकून टायरवाल्याने शटर ओढून घेतलं. उस्तादांनी तिला काटा बघू दिला नाही, पण चिडलेही नाहीत. आठव्या दिवशी तिसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. तिने मामाकडे पाहिलं. "पुन्हा," मामा म्हणाला.

उद्घाटनाच्या दिवशी मुकीवर डेपोतला दुसरा चालक होता. घाटमाथ्यावर भाचीने नाकाडी थांबवली, रांग थांबली. फिटरने उतरून एकेका चाकाजवळ हात नेऊन ते किती तापलंय ते पाहिलं आणि मान डोलवली. उभ्या गाडीतच तिने गिअर टाकला, आणि नाकाडी रमतगमत उतरली. मागून वीस ट्रक कसलाही गलका न करता येत होते. वळणावर उस्ताद नाकाडीच्या खिडकीबाहेर मान काढून ते बघत राहिले, आणि बराच वेळ त्यांना नावं ठेवायचं सुचलं नाही.

खाली पोहोचल्यावर मास्तर संयोजकांचा कागद घेऊन आले. "चालकाच्या रकान्यात हिचं नाव लिहिलं. उस्ताद, तुमचं कुठे लिहू?"

"क्लिनर लिहा," भाची खाली उतरत म्हणाली.

मास्तर घाबरून उस्तादांकडे बघू लागले.

"लिहा की," उस्ताद म्हणाले, आणि सीटखालचा लाकडी ठोकळा काढून मागच्या चाकाला लावायला गेले.